हात सुलटा होईपर्यंत

पावसाळ्याच्या प्रारंभी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला, आणि तोल सावरण्याच्या सहजप्रेरणेने पुढे केलेल्या उजव्या हातावर सगळ्या देहाचा भार येऊन मनगटाजवळचे हाड मोडले. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस नामक शल्यविशारदाने १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी तब्बल एक्याऐंशी वर्षे, ज्याचे वर्णन लिहून ठेवले आणि ज्याला आजही हाडांचे डॉक्टर त्याच्याच नावाने ओळखतात, तो हा अस्थिभंग. इतका सर्वसाधारण की माझ्या डॉक्टरांनी त्याकडे फारशा कुतूहलाने पाहिलेसुद्धा नाही. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापून निघाले त्या दिवशी प्रकरण निकाली निघाले असे मी समजलो. वस्तुतः ते त्या दिवशी दाखल झाले होते.

हाड सांधले होते, पण हात कामाचा राहिला नव्हता. मूठ पुरती वळेना, दंडापासून खाली सारा हात वाळल्यासारखा झालेला, आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की उपडा हात सुलटा होईना. मनुष्याच्या नित्य व्यवहारात तळहात आकाशाकडे करण्याचे प्रसंग किती येतात याचा हिशेब मी तेव्हा आयुष्यात प्रथमच मांडला: एसटीच्या कंडक्टरकडून मोड घेणे, देवळात तीर्थ घेणे, सकाळी तोंडावर पाणी मारण्यासाठी ओंजळ भरणे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली ‘फिजिओथेरपी’ एवढा एकच शब्द लिहून दिला होता. ती कोणाकडे घ्यावी, किती दिवस घ्यावी, आणि घेणारा योग्य मार्गाने चालला आहे हे त्याने कशावरून ओळखावे, यासंबंधी चिठ्ठी मूक होती.

अशा वेळी शिफारशींचा तोटा नसतो. आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाचा एक वेगळा उमेदवार निघाला, आणि एका वृद्ध शेजाऱ्यांनी तर ‘ती यंत्रेबिंत्रे सोडा, आमच्या गावाकडच्या हाडवैद्याकडून चोळून घ्या’ असा आग्रहच धरला. हाडवैद्यांच्या परंपरागत कौशल्याची निंदा करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी अशी आहे. कोपराला मार लागल्यानंतर, विशेषतः लहान मुलाच्या, ते तेल लावून जोराने चोळले व ओढले, तर सांध्याभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊ लागते आणि कोपर आखडून बसते. ही आपत्ती आपल्या देशातील अस्थिरोगतज्ज्ञांच्या चांगलीच परिचयाची आहे. ताज्या दुखापतीला चोळणे हा उपचार नव्हे, मग चोळणारा कितीही प्रेमळ असो.

मी प्रथम गेलो ते ठिकाण घरापासून जवळ होते, आणि खरे सांगायचे तर निवडीचे तेवढेच कारण होते. दहा दिवसांचे शुल्क आगाऊ भरून घेण्यात आले; एका पोऱ्याने मनगटावर यंत्राच्या गाद्या बांधल्या, घड्याळ लावले आणि तो बाहेर जाऊन बसला; वीस मिनिटांनी घंटा वाजली, आणि मी घरी आलो. आपल्याकडे या साऱ्या शास्त्राला सरसकट ‘शेक घ्यायला जातो’ असे म्हणण्याची जी रूढी पडली आहे, तिचे मूळ अशाच खोल्यांत असावे. शेक खोटा आहे असे मुळीच नाही. वितळलेल्या मेणाचा शेक घेतल्याने आखडलेला सांधा सैल पडतो, विद्युत्प्रवाहाने वेदना काही काळ शमते. परंतु हे सारे पूर्वतयारीचे काम आहे, आणि कणीक मळून झाकून ठेवली म्हणजे पोळ्या झाल्या असे कोणतीही गृहिणी समजत नाही. दहा दिवसांनी माझा हात उबदार होता आणि पूर्वीइतकाच उपडा होता.

दुसऱ्या ठिकाणी, जे दोन बस बदलून गाठावे लागे, एका तरुण बाईंनी मला हात लावण्यापूर्वी माझी साग्र जबानी घेतली. पडलात कसे, प्लास्टर किती दिवस होते, शरीरात कोठे रॉड किंवा प्लेट बसवली आहे काय, हृदयाला पेसमेकर आहे काय, मधुमेह आहे काय. हे प्रश्न निव्वळ उपचारादाखल नव्हते, हे मला पुढे कळले. पेसमेकर असलेल्या देहावर किंवा धातू बसवलेल्या जागी काही विद्युत्‌यंत्रे वापरणे धोक्याचे असते, आणि मधुमेह्याच्या कातडीची संवेदना मंदावलेली असल्यास शेकाने भाजले तरी त्याला ते उमगत नाही. सबब त्यांनी एक गरम व एक गार पाण्याची नळी आळीपाळीने माझ्या मनगटाला लावून, मला डोळे मिटायला सांगून, कोणती कोणती ते ओळखायला लावले. पहिल्या ठिकाणी यांपैकी काहीच विचारले गेले नव्हते. नंतर त्यांनी कोनमापक काढला, हात किती अंश वळतो ते मोजले आणि माझ्यासमोर कागदावर आकडा लिहिला: ३५. निरोगी हात ८० ते ९० अंश वळतो.

‘काका, या हातानं नेमकं काय करता येत नाही?’ त्यांनी विचारले.

‘तीर्थ घेता येत नाही,’ मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तेही आकड्याखाली लिहून घेतले.

या एका प्रश्नात, माझ्या मते, सारी निवड सामावलेली आहे. गुडघ्याचे उदाहरण घ्या. सपाट रस्त्यावर चालण्यास गुडघा सुमारे ६० ते ६५ अंश वाकला तरी पुरतो, जिना चढण्या-उतरण्यास ९० च्या आसपास, खुर्चीवरून उठण्यास त्याहून थोडा अधिक. पण उकिडवे बसण्यास १३० अंशांच्याही पुढे जावे लागते. ज्या देशात जेवण मेजावर आणि शौचविधी खुर्चीवर होतो तेथील रुग्ण ११० अंशांवर समाधानाने घरी जाईल. परंतु चुलीपुढे बसणारी, भाताची खुरपणी करणारी, भारतीय पद्धतीच्या संडासात जाणारी कोकणातील बाई त्याच ११० अंशांवर ‘बरी झाली’ असा शेरा मारून घरी पाठवली, तर तिचा अर्धा संसार अडून राहील. माझ्या एका मावसबहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिला कोणी विचारलेच नाही, आणि ‘चालायला येतंय ना’ एवढ्यावर तिचे प्रकरण मिटवण्यात आले. कित्येकदा शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरच मांडी घालण्यास किंवा उकिडवे बसण्यास मनाई करतात, हे खरे. पण मनाई आणि अनास्था यांतील भेद रुग्णाला स्पष्ट सांगणारा माणूस हवा.

आता सनदेविषयी दोन शब्द. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ परळच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विद्येचे देशातील पहिले विद्यालय १९५३ साली सुरू झाले. म्हणजे महाराष्ट्र या शास्त्राचे भारतातील माहेर आहे. ही पदवी बारावीनंतर चार वर्षांहून अधिक अभ्यासाची आणि रुग्णालयातील उमेदवारीची असते, आणि राज्यात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांसाठी कायद्याने स्थापलेली परिषद तिची नोंदणी ठेवते. भिंतीवर नोंदणीचा दाखला नसल्यास तो विचारण्यात संकोच करू नये. औषधाच्या दुकानात आपण तारीख पाहतोच. दाखला मात्र योग्यतेचा आरंभ सांगतो, एवढेच. ज्याला कबड्डीच्या मैदानावर परतावयाचे आहे त्या तरुणाने खेळाडूंबरोबर काम केलेला उपचारक शोधावा, आणि गुडघ्यातील फाटलेल्या बंधाच्या शस्त्रक्रियेनंतर कोणी तीन-चार महिन्यांत मैदानावर उतरण्याचे आश्वासन देऊ लागला तर तेथून उठावे. ती मुदत साधारण नऊ महिन्यांची आहे.

उरलेले काम घरचे. माझ्याकडून बाई जे करवून घेत ते पाहुण्यांपुढे करण्यासारखे नव्हते: कोपर अंगाशी टेकवून, लांब दांड्याची पळी मुठीत उभी धरायची आणि तिचा जड भाग हळूहळू बाहेरच्या बाजूस कलू द्यायचा, म्हणजे तिच्या वजनाने तळहात वर येऊ लागतो. दिवसातून चार वेळा. दुखे, पण किती दुखलेले चालेल याचीही मर्यादा आखून दिलेली होती: व्यायामानंतरची कळ थोड्या वेळात उतरली तर हरकत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज व ठणका कायम असेल तर व्यायाम निम्म्यावर आणून कळवायचे, आणि हाताला आग होऊ लागली, कातडी चकाकू लागली, रंग पालटला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करायचा. ‘सहन करा’ एवढेच सांगणाऱ्या उपचारकाजवळ आणि ‘दुखलं की थांबा’ एवढेच सांगणाऱ्याजवळ मला सारखाच धोका दिसतो.

दर आठवड्याला कोनमापक निघे. ३५ चे ४५ झाले, मग ५०, मग दोन आठवडे आकडा जागचा हलेना; तेव्हा त्यांनी व्यायाम बदलला आणि माझ्या डॉक्टरांना आपण होऊन चिठ्ठी लिहिली. ७० वर आल्यावर त्यांनीच कागद मिटला व आता येण्याची आवश्यकता नाही असे सांगितले. मी उरलेल्या दहा अंशांची दरखास्त केली, तेव्हा त्या म्हणाल्या की ते घरी पळीने येतील तर येतील, त्यासाठी दोन बसचे भाडे नको. ते अजून आलेले नाहीत. मोड घेताना कोपर किंचित अंगाशी ओढून घ्यावे लागते, आणि कंडक्टरला त्यात काही वावगे दिसत नाही.