भ्यालेले कुत्रे आणि नवे घर

वाराणसीच्या रस्त्यावर वाढलेली जया नावाची एक कुत्री २०२३ साली नेदरलँड्समध्ये राहावयास गेली. तिला दत्तक घेणाऱ्या डच महिलेला ह्यासाठी काही महिने थांबावे लागले. भारतातून येणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत युरोपीय संघाचे नियम कडक आहेत. कातडीखाली ओळखीची चकती बसवावी लागते, रेबीजची लस टोचावी लागते, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि त्यापुढे तीन महिने वाट पाहावी लागते. एवढे झाल्यावर माणसाच्या दृष्टीने कुत्रे नव्या घरचे होते. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र तेव्हा कोठे आरंभ होतो. ते समुद्रापार गेले काय किंवा शेजारच्या गल्लीतील घरात आले काय, त्याच्या ओळखीचे वास, आवाज आणि माणसे एका दिवसात नाहीशी झालेली असतात.

वाराणसीत दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट ह्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशा एखाद्या घरी पूर्वीच्या मालकाने टाकून दिलेला डॅशहाउंड आणला आहे, अशी कल्पना करू. तो पलंगाखाली शिरतो, अन्नाला तोंड लावीत नाही आणि हात पुढे केला की गुरगुरतो. घरातील मंडळी म्हणतात, ‘ह्याला फार मारलेले दिसते’ किंवा ‘हा हट्टी आहे’. ही दोन्ही अनुमाने चुकीची असू शकतात. स्कॉट आणि फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, पिल्लाच्या वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखी जुळण्याचा असतो. ह्या काळात ज्याला माणसांचा सहवास लाभला नाही, ते कुत्रे कोणीही न मारता माणसाला भिते.

भीती ही शरीराची अवस्था होय. भ्यालेल्या प्राण्याच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. अमेरिकेतील एका सार्वजनिक श्वानगृहात केलेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील ह्या द्रव्याचे प्रमाण पहिले तीन दिवस, नऊ दिवसांहून अधिक काळ तेथे राहिलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त असते. म्हणून पहिले काही दिवस पाहुण्यांना बोलावू नये, आंघोळ घालू नये, शिकवणीही देऊ नये. शांत कोपरा, पाणी, ठराविक वेळी अन्न आणि ठराविक वेळी बाहेर नेणे एवढे पुरे.

डॅशहाउंडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बॅजर नावाच्या प्राण्याची बिळात शिरून शिकार करण्यासाठी ही जात जर्मनीत तयार करण्यात आली. त्यामुळे अंधाऱ्या, अरुंद जागेत शिरणे, गोधडीखाली दडणे हे तिच्या स्वभावातच आहे. त्याला तेथून ओढून काढू नये. ज्या जनुकीय बदलांमुळे ह्या जातीचे पाय आखूड झाले, त्यांचा परिणाम तिच्या पाठीवरही होतो. मणक्यांमधील चकत्या लवकर कठीण होतात आणि सरकून मज्जारज्जूवर दाब आणू शकतात. उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली ठेवावा. घाटाच्या उंच दगडी पायऱ्या त्याला स्वतः उतरू देऊ नयेत. पाठ दुखत असलेले कुत्रेही गुरगुरते, म्हणून आरंभीच पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

भीती घालविण्याची रीत मानसशास्त्राला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन विदुषीने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर प्रयोग केला. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवीत, पुढे हळूहळू जवळ आणीत. अखेरीस मुलगा सशाला कुरवाळू लागला. येथे अंतराला महत्त्व आहे. ससा एकदम जवळ आणला असता, तर खाऊचीच भीती बसण्याचा संभव होता.

घरातही हेच करावे. कुत्र्यापासून दूर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे आणि उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीराचा लहान तुकडा त्याच्याकडे टाकावा. तो खात नसेल तर आपण फार जवळ आहोत असे समजून मागे सरावे. तो आपण होऊन पुढे येईपर्यंत हात लावू नये. देवळातील घंटा, लग्नाचा बँड, गच्चीवरील माकडे ह्यांची सवयही अशीच, दुरून आणि थोडी थोडी लावावी. दिवाळी व देवदिवाळीच्या रात्री मात्र शिकवणी न करता त्याला आतल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, माणसाच्या सोबतीने ठेवावे.

गुरगुरण्याबद्दल शिक्षा कधीही करू नये. गुरगुरणे ही सूचना आहे. शिक्षेने सूचना बंद होते, भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी कुत्रे न सांगता चावते. बहुधा एखाद्या मुलाला चावते आणि मग त्या कुत्र्याचे तेही घर सुटते. मुलांना ही गोष्ट आधीच समजावून सांगावी. चावा झालाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ डॉक्टरकडे जावे. घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली, तरी ह्यात हयगय करू नये.

ह्या सर्वाला किती दिवस लागतील, हे कुत्र्यागणिक बदलते. काहींना आठवडे पुरतात, काहींना महिने लागतात, तर काही जन्मभर परक्या माणसाला बिचकतात. प्रगतीची चिन्हे मात्र साधी असतात. प्रथम तो माणसांसमोर खाऊ लागतो, नंतर उघड्यावर झोपतो. पुढे एके दिवशी घरातील माणूस बाहेरून येताच तो पलंगाखालून आपण होऊन दारापर्यंत येतो.