बिरड्याच्या सणातले जेरुसलेम

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ‘शआर हशामाईम’, म्हणजे ‘स्वर्गद्वार’, नावाचे सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) आहे. ते 1879 साली बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाने उभारले. ज्यू माणूस कुठेही असो, प्रार्थनेला उभा राहताना तो जेरुसलेमकडे तोंड करतो. कोकणातून ही दिशा पश्चिमेची. ‘तोरा’ या धर्मग्रंथाच्या चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात, त्याला ‘हेखाल’ म्हणतात. जेरुसलेमच्या मंदिरालाही हाच शब्द होता.

मराठी बायबलमध्ये या शहराचे नाव यरुशलेम असे येते. इ.स.पू. 1000 च्या सुमारास दावीद राजाने ते आपली राजधानी केले आणि त्याचा मुलगा शलमोन याने तेथे मंदिर बांधले, असे बायबल सांगते. बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने इ.स.पू. 586 मध्ये ते पाडले. सुमारे सत्तर वर्षांनी दुसरे मंदिर उभे राहिले, इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने तेही जाळले. मंदिराच्या आवाराची पश्चिमेकडील भिंत उरली. येशूला क्रुसावर दिले ते याच शहरात, म्हणून ख्रिस्ती लोकांना ते पवित्र. आणि अल-अक्सा मशिदीमुळे मुसलमानांनाही.

बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढची पिढी कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हिब्रू विसरली, भाषा मराठी झाली, आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडली. सणांनाही मराठी नावे मिळाली.

जेरुसलेमची दोन्ही मंदिरे हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीला पडली, असे ज्यू परंपरा मानते. हिब्रू महिना मराठी महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे ही तिथी बहुधा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास येते. जगभरचे ज्यू या दिवशी कडकडीत उपवास करतात, जमिनीवर बसून विलापगीत वाचतात. कोकणातल्या बेने इस्रायलांनी याला ‘बिरड्याचा सण’ म्हटले. आधीचे आठ दिवस मांस वर्ज्य आणि उपवासाला जोडून येणाऱ्या जेवणात वालाचे बिरडे. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, मग नारळाच्या रसात शिजवायचे. मृत्यूनंतरच्या जेवणात कडधान्य वाढण्याची चाल ज्यूंमध्ये अन्यत्रही आहे. इथे ते कडधान्य कोकणच्या परसातले निघाले, इतकेच. हजारो मैलांवरच्या मंदिराचा शोक रायगडच्या चुलीवर टिकून राहिला, ही या समाजाची मोठीच कमाई आहे.

वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ ही पोथी 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. पुढचे वर्ष जेरुसलेममध्ये साजरे व्हावे, या इच्छेने तिचा शेवट होतो. 1948 मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली, आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले. मागे राहिलेल्यांची मोठी वस्ती मुंबई-ठाणे परिसरातच आहे, आणि ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथची प्रार्थना आजही होते.