मुलांमधील वेदनाविषयक अनर्थचिंतनाचे मापन

मुलांमधील वेदनाविषयक अनर्थचिंतनाचे मापन म्हणजे वेदना होत असताना मुलाच्या मनात येणाऱ्या भयग्रस्त विचारांचे प्रमाण प्रश्नावलीच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धत होय. ‘हे दुखणे कधीच थांबणार नाही’, ‘मला काहीतरी भयंकर झाले आहे’, ‘मला हे सोसवणार नाही’ अशा स्वरूपाच्या विचारांना मानसशास्त्रात वेदनाविषयक अनर्थचिंतन म्हणतात. मुलांसाठी यातील सर्वाधिक परिचित साधन म्हणजे ‘पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल फॉर चिल्ड्रन’ ही १३ विधानांची प्रश्नावली. ती बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील गेर्ट क्रोम्बेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. ही प्रश्नावली वेदनेची तीव्रता मोजत नाही. वेदना खरी आहे की खोटी, हेही ती सांगत नाही. वेदनेकडे मूल कोणत्या नजरेने पाहते, एवढेच तिच्यातून कळते.

संकल्पना

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या मराठी म्हणीत अनर्थचिंतनाचे मर्म आले आहे. शत्रूही योजणार नाही असे अनिष्ट माणसाचे मन स्वतःविषयी कल्पित असते. मानसोपचाराच्या क्षेत्रात ही कल्पना अल्बर्ट एलिस यांनी १९६२ च्या सुमारास मांडली. पुढे अॅरन बेक यांच्या बोधात्मक उपचारपद्धतीत तिला महत्त्वाचे स्थान मिळाले. वेदनेच्या अभ्यासात या संकल्पनेचे तीन घटक मानले जातात.

पहिला घटक म्हणजे रवंथ. येथे वेदनेचा विचार मनात सतत घोळत राहतो आणि लक्ष दुसरीकडे वळत नाही. दुसरा घटक अतिरंजन, म्हणजे राईचा पर्वत करणे. वेदनेमागे काहीतरी गंभीर असावे अशी धास्ती यात असते. तिसरा घटक असहायता. यात वेदनेपुढे आपला काहीच इलाज चालत नाही असे वाटून मूल हातपाय गाळते. हे तिन्ही घटक एकमेकांशी निगडित असले, तरी प्रत्येक मुलात ते सारख्या प्रमाणात असतातच असे नाही.

पार्श्वभूमी

मुलांच्या वेदनेकडे वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. नवजात अर्भकांना वेदना फारशी जाणवत नाही, या समजुतीमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही त्यांच्यावरील काही शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन केल्या जात. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या समजुतीला धक्का दिला. शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेसे वेदनाशामक औषध मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांमध्ये शरीरावरील ताणाची लक्षणे कमी आढळली.

शाळकरी वयातील वारंवार होणाऱ्या वेदनेचा अभ्यास याच्या बराच आधी सुरू झाला होता. जॉन अॅप्ली आणि नोरा नाईश यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिस्टल येथील १००० शाळकरी मुलांच्या पाहणीत साधारण दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होत असल्याचे दिसले. अशा मुलांपैकी अनेकांच्या तपासण्यांत शारीरिक बिघाड सापडत नाही, तरीही त्यांचे दुखणे खरे असते.

वेदना ही इजेच्या प्रमाणातच होते, हा समज रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण सिद्धांता’ने मागे पडला. या सिद्धांतानुसार मज्जारज्जूतून मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश वाटेत कमीअधिक होऊ शकतात, आणि त्यावर लक्ष, भीती, पूर्वानुभव यांसारख्या मानसिक गोष्टींचाही प्रभाव पडतो. त्यामुळे वेदनेविषयीचे विचार मोजण्याला वैद्यकीय महत्त्व प्राप्त झाले. कॅनडातील डलहौसी विद्यापीठातील मायकेल सलिव्हन, स्कॉट बिशप आणि जेन पिविक यांनी १९९५ मध्ये प्रौढांसाठी १३ विधानांची मापनश्रेणी तयार केली. मुलांची प्रश्नावली हे तिचेच रूपांतर आहे. क्रोम्बेझ यांच्या गटाने तिची तपासणी फ्लेमिश शाळकरी मुलांवर आणि जुनाट किंवा वारंवार वेदना असलेल्या मुलांवर केली.

प्रश्नावलीची रचना

प्रौढांच्या श्रेणीतील विधाने मुलांसाठी सोपी करण्यात आली. मुलाने वेदनेच्या वेळचेच विचार आठवावेत, या हेतूने विधानांची सुरुवात वेदना होत असतानाच्या उल्लेखाने होते. प्रत्येक विधानापुढे ‘मुळीच नाही’पासून ‘अतिशय’पर्यंत पाच पर्याय असतात आणि त्यांना अनुक्रमे ० ते ४ गुण दिले जातात. १३ विधानांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे :

रवंथ : ४ विधाने, कमाल १६ गुण
अतिरंजन : ३ विधाने, कमाल १२ गुण
असहायता : ६ विधाने, कमाल २४ गुण

एकूण गुण ० ते ५२ या मर्यादेत येतात. मुलाला विधाने वाचून समजणे आवश्यक असल्याने ही प्रश्नावली साधारणपणे आठ-नऊ वर्षांपुढील मुलांसाठी वापरली जाते. त्याहून लहान मुलाला स्वतःच्या विचारांकडे तटस्थपणे पाहून त्यांचे प्रमाण सांगणे अवघड जाते.

रुग्णालयांत वापरली जाणारी चेहऱ्यांची मापनश्रेणी ही याहून वेगळी आहे. तिच्यात मूल शांत चेहऱ्यापासून वेदनेने पिळवटलेल्या चेहऱ्यापर्यंतच्या चित्रांपैकी एक निवडते. त्यातून ‘किती दुखते’ हे कळते. अनर्थचिंतनाच्या प्रश्नावलीतून ‘दुखताना मनात काय येते’ हे कळते. एकाच तीव्रतेची वेदना सांगणाऱ्या दोन मुलांचे अनर्थचिंतनाचे गुण अगदी भिन्न असू शकतात.

गुणांचा अर्थ

जुनाट वेदनेवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या अभ्यासावरून २०१४ मध्ये मेलिसा पायलेक व सहकाऱ्यांनी काही संदर्भबिंदू सुचविले. त्यांनुसार ० ते १४ गुण कमी, १५ ते २५ मध्यम आणि २६ किंवा अधिक गुण उच्च अनर्थचिंतन दर्शवितात. हे आकडे उपचाराची दिशा ठरविण्यास मदत करतात. ते रोगनिदान नव्हेत.

एकूण गुणांइतकेच घटकांचे गुणही पाहावे लागतात. उदाहरणादाखल दोन मुलांचे एकूण गुण २० आहेत असे मानू. पहिल्याला रवंथ या घटकात १४, अतिरंजनात २ आणि असहायतेत ४ गुण मिळाले. दुसऱ्याला अनुक्रमे ४, २ आणि १४. पहिल्या मुलाला लक्ष दुसरीकडे वळविण्याची कौशल्ये शिकविणे उपयुक्त ठरू शकते. दुसऱ्याला मात्र वेदना असतानाही आपण काही करू शकतो, हा अनुभव छोट्या छोट्या टप्प्यांनी द्यावा लागतो. केवळ बेरीज पाहिली, तर हा भेद नजरेआड होतो.

पालकांसाठीची प्रश्नावली

मूल वेदनेचा अर्थ बहुधा घरातल्या मोठ्यांच्या चेहऱ्यावरून लावते. हे लक्षात घेऊन लिसबेट गुबर्ट व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पालकांसाठीची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातही १३ विधाने आणि तेच तीन घटक आहेत. मात्र विधाने पालकाच्या स्वतःच्या वेदनेविषयी नसून मुलाच्या वेदनेविषयीच्या त्याच्या विचारांबाबत असतात. पालकांमधील उच्च अनर्थचिंतन हे त्यांच्या स्वतःच्या मानसिक ताणाशी आणि मुलाच्या दैनंदिन व्यवहारांतील अडचणींशी संबंधित असल्याचे आढळले आहे. घाबरलेले पालक मुलाला शाळेतून घरी ठेवतात, खेळू देत नाहीत, वारंवार विचारपूस करतात. हे सारे मायेपोटी घडते. परंतु त्यातून दुखण्यात काही मोठा धोका आहे असाच संदेश मुलापर्यंत पोहोचू शकतो.

उपयोग

अनर्थचिंतनाचे प्रमाण अधिक असलेल्या मुलांमध्ये वेदनेची तीव्रता, चिंता, खिन्नता आणि शाळा व खेळ यांतील अडथळे अधिक आढळतात. याचे एक स्पष्टीकरण ‘भय-परिहार प्रतिमान’ देते. वेदनेचा भयंकर अर्थ लावला की भीती वाढते. भीतीमुळे मूल हालचाल टाळते. हालचाल टाळल्याने शरीर दुर्बल होते, सवंगड्यांचा सहवास तुटतो आणि वेदनेकडे लक्ष देण्यास आणखी वेळ मिळतो. या चक्रात नेमके कोठे शिरावे, हे ठरविण्यासाठी प्रश्नावलीचा उपयोग होतो. बोधात्मक-वर्तनात्मक उपचार, श्वसन व शिथिलीकरणाचे व्यायाम, हालचालींत क्रमाक्रमाने वाढ आणि पालकांचे समुपदेशन हे त्यांपैकी प्रमुख उपाय आहेत. उपचारांपूर्वी व नंतर प्रश्नावली भरून घेतल्यास बदलाचा अंदाज येतो.

बालसंधिवात, अर्धशिशी, वारंवार होणारी पोटदुखी, शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि सिकलसेल आजार या क्षेत्रांत या मापनाला विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात सिकलसेल आजार हे ठळक उदाहरण होय. विदर्भातील गडचिरोली व चंद्रपूर आणि खानदेशातील नंदुरबार या जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून अचानक तीव्र वेदनेचे झटके येतात. झटका पुन्हा कधी येईल हे सांगता येत नसल्याने मुलाच्या मनात धास्ती राहणे स्वाभाविक आहे. अशा मुलाच्या बाबतीत औषधोपचार आणि मनातील भीतीची दखल या दोन्ही गोष्टी लागतात. एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

मराठी भाषेतील रूपांतराचे प्रश्न

प्रौढांसाठीच्या श्रेणीचे हिंदी रूपांतर जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवर तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. अशा साधनाचे रूपांतर करताना मूळ भाषेतून भाषांतर, त्याचे पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, दोहोंची तुलना आणि प्रत्यक्ष मुलांना विधाने कशी समजतात याची चाचणी, असे टप्पे पाळले जातात. केवळ शब्दाला शब्द ठेवून काम भागत नाही.

मराठीत शरीराच्या वेदनेसाठी कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, शूळ असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची छटा वेगळी आहे. ‘वेदना’ हा शब्द पुस्तकी असल्याने लहान मुलांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. ‘दुखणे’ हा शब्द रुळलेला आहे. परंतु ‘दुखणे अंगावर काढणे’ या प्रयोगात त्याचा अर्थ आजार असा होतो, तर ‘मन दुखावणे’ या प्रयोगात त्याच धातूचा संबंध भावनेशी जोडला जातो. बोलीभेदही लक्षात घ्यावे लागतात. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या गावातील मूल ‘पोट लई दुखायलंय’ असे म्हणेल, तर पुण्यातील मूल ‘पोट खूप दुखतंय’ असे म्हणेल. प्रमाण मराठीतील छापील विधान दोघांनाही सारखेच जवळचे वाटेल असे नाही.

अतिशयोक्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ‘दुखून जीव चाललाय’ हे मराठी घरांत सहज उच्चारले जाणारे वाक्य आहे. त्यामागे मरणाची भीती असतेच असे नाही. याउलट ‘काही नाही, बरं आहे’ असे म्हणणारे मूल मनातून घाबरलेले असू शकते. म्हणून रूपांतरातील प्रत्येक विधान मुलांना वाचायला देऊन ‘यातून तुला काय समजले?’ असे विचारणे अनिवार्य ठरते.

मर्यादा आणि टीका

प्रश्नावली मुलाच्या स्वतःच्या उत्तरांवर अवलंबून असते. शिक्षक किंवा पालक शेजारी उभे असल्यास मूल त्यांना आवडेल असे उत्तर देण्याची शक्यता असते. तसेच उच्च गुण आणि अधिक वेदना या गोष्टी एकत्र आढळल्या, तरी पहिलीमुळेच दुसरी घडते असे त्यावरून सिद्ध होत नाही. दीर्घकाळ तीव्र वेदना सोसणाऱ्या मुलाच्या मनात भयावह विचार येणे हा त्या वेदनेचा परिणामही असू शकतो.

क्रोम्बेझ व सहकाऱ्यांनीच २०२० मध्ये या प्रकारच्या मापनश्रेणींतील विधानांची छाननी केली. ही विधाने ‘अनर्थचिंतन’ या संकल्पनेपेक्षा वेदनेविषयीची काळजी व त्रास अधिक मोजतात, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. ‘अनर्थचिंतन’ या संज्ञेवरही आक्षेप आहे. हा शब्द कानी पडताच आपण वेदना फुगवून सांगतो असा ठपका आपल्यावर ठेवला जात आहे, असे अनेक रुग्णांना वाटते. म्हणून ‘वेदनाविषयक काळजी’ यांसारख्या सौम्य पर्यायांचा विचार होत आहे.

मुलांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. पोट किंवा डोके दुखते अशी तक्रार करणाऱ्या मुलाला ‘शाळा बुडवायचे निमित्त’ किंवा ‘नाटक’ असे ऐकावे लागते, आणि उच्च गुणांचा कागद हाती आल्यास या शंकेला शास्त्रीय आधार मिळाल्याचा भास होऊ शकतो. प्रश्नावलीचा तो अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या वेदनेच्या व्याख्येसोबतच्या टिपणात व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर केला जावा, असे नमूद केले आहे. त्यानुसार मुलाची तक्रार प्रथम खरी मानून आवश्यक ती वैद्यकीय तपासणी करणे आणि त्यानंतरच, किंवा तिच्या जोडीने, मनातील भीतीचे मापन करणे हा योग्य क्रम ठरतो. उच्च गुण मिळालेल्या मुलाला कमी नव्हे, तर अधिक मदतीची गरज असते.