नाकाला रेषाच नाही

व्यक्तिचित्र शिकायला समोर माणूस हवा, असं आपण धरून चालतो. पण माणूस हलतो, कंटाळतो, तासाभरात त्याच्यावरचा उजेड सरकतो. जुन्या उस्तादाचं चित्र मात्र जागचं हलत नाही, आणि गणिताच्या पुस्तकासारखी त्यात उत्तरंही असतात. म्हणून तर १७९३ साली लूव्र उघडलं तेव्हापासून तिथे चित्रकार इझल लावून नकला करत आलेत. तिथली एक अट मजेशीर आहे: नक्कल मूळ मापाची चालत नाही, पाचव्या हिश्शाने लहान किंवा मोठी हवी. आपल्याकडे जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्यांतले पेस्तनजी बोमनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणूनच नावाजले.

नवशिक्याने हात घालावा असं चित्र म्हणजे डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचा डूल घातलेली मुलगी. १६६५च्या सुमाराचं हे चित्र हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहे. उंची ४४.५ सेंटिमीटर, रुंदी ३९. म्हणजे घरच्या टेबलावर मावेल एवढंच. उजेड एकाच बाजूने, डावीकडून. आणि चेहरा सगळ्यांना पाठ, त्यामुळे चूक लपवायची सोय नाही.

सुरुवात रंगाने करू नये. डोळे बारीक करून चित्राकडे पाहायचं. तपशील विरतात आणि उजेड, मधली छटा, अंधार एवढे तीनच आकार उरतात. ते आधी नुसत्या तपकिरी रंगात, पातळ हाताने मांडायचे. व्हर्मीरनेही तपकिरी आणि काळ्या छटांतूनच हे चित्र उभं केलं, त्यावर रंग चढवले.

खरी परीक्षा नाकाशी. नाकाला कड असते हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण ती काढतो. मूळ चित्र जवळून पाहा: नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेषाच नाही. दोन्हींचा रंग एकच, एकमेकांत मिसळलेला. नाक पुरं करतो तो आपला डोळा. काढलेली रेषा बोटाने पुसून बघा, चेहरा तिथल्या तिथे वळतो. डुलाचंही तेच. वर डावीकडे पांढऱ्या रंगाचा एक जाड ठिपका, खाली कॉलरचा मऊ उजळपणा. बाकीचा मोती मानेच्या सावलीत विरलेला, आणि तो कानात अडकवायला कडीसुद्धा नाही! मोती गोल दिसावा म्हणून आपण परीघ गिरवत बसतो आणि त्याचं बटण करून टाकतो.

पार्श्वभूमीचा पेच वेगळा आहे. आज काळी दिसते ती जागा मुळात हिरवा पडदा होती. काळ्या थरावर नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा रंग यांचा पारदर्शक हिरवा हात होता; काळाच्या ओघात तो उतरला. २०१८च्या तपासणीत पडद्याच्या चुण्यांचा माग लागला, बारीक पापण्याही सापडल्या. मग नक्कल कशाची करायची, व्हर्मीरने रंगवलं त्याची की काळाने उरवलं त्याची? माझ्या मते काळं करून झाल्यावर त्यावर पातळ हिरवा हात एकदा फिरवून पाहावाच. शेजारी हिरवा आला की त्वचा अधिक गुलाबी, अधिक जिवंत भासते.

नकलेतून न मिळणारी गोष्ट पुढच्या चित्रात कळते. घरातल्या कुणाला डावीकडच्या खिडकीशी बसवा, मागे काळं कापड लावा आणि तोच क्रम धरा. आकार जमतील, कडा जमतील, पण कातडी फसेल. त्या डच गालाचं पांढरं-गुलाबी मिश्रण गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर पावडर थापल्यासारखं दिसतं. तिथे उजेडातही पिवळी माती आणि तांबूस तपकिरी लागते, आणि किती लागते ते त्या चेहऱ्याकडे बघूनच ठरवावं लागतं.