कोरडा उन्हाळा आणि दमट उन्हाळा

चैत्र-वैशाखाचे दिवस आले म्हणजे वर्तमानपत्रांत फलोदी, चुरू, जैसलमेर ह्या राजस्थानांतील गांवांचीं नांवें ठळक अक्षरांत झळकूं लागतात. फलोदी येथें १९ मे २०१६ रोजीं पारा ५१ अंश सेल्सिअसवर गेला. भारतांत अधिकृतपणें नोंदलेलें तें सर्वांत जास्त तापमान होय. पनवेलच्या खांदा कॉलनींत सकाळचा चहा घेतां घेतां हा आंकडा वाचणारा गृहस्थ सहजच म्हणतो कीं, ‘आपल्याकडे पारा छत्तीस-अडतीसच्या वर क्वचित् जातो, खाडी जवळ आहे, आपण सुखी!’ ह्या समजुतींत तथ्य आहे तें निम्मेंच. उरलेल्या निम्म्याची किंमत किती जबर असूं शकते, हें खांदा कॉलनीपासून थोड्याच अंतरावर दिसून आलें आहे.

रविवार, १६ एप्रिल २०२३. अप्पासाहेब धर्माधिकारी यांना ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार देण्याचा समारंभ खारघर येथील मोकळ्या मैदानांत भरला होता. लाखों श्रीसदस्य आदल्या रात्रीपासूनच येऊन बसले होते. माथ्यावर छप्पर नाहीं, आणि समारंभ लांबला तो भर दुपारपर्यंत. त्या दिवशीं जवळच्या केंद्रावर कमाल तापमान नोंदलें गेलें तें सुमारें ३८ अंश. जैसलमेरच्या माणसानें ज्याला उन्हाळाच म्हटलें नसतें, इतकेंच. तरीही उष्माघातानें त्या मैदानांतील चौदा माणसें दगावलीं.

हें कसें घडलें, हें समजण्यासाठीं माणसाच्या शरीराकडे पाहिलें पाहिजे. शरीराचें तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावें लागतें. शरीर स्वतः अहोरात्र उष्णता निर्माण करीत असतें आणि ती बाहेर टाकल्यावांचून त्याला गत्यंतर नसतें. बाहेरची हवा थंड असेल तर हें काम आपोआप होतें. हवा त्वचेइतकी, म्हणजे सुमारें ३५ अंश, तापली कीं हा मार्ग बंद होतो आणि एकच उपाय उरतो: घाम. परंतु घाम येणें हा उपाय नव्हे. घाम सुकणें हा उपाय आहे. एक लिटर घाम त्वचेवरून सुकतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तेवढ्या उष्णतेंत सात लिटरांहून अधिक पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेतां येईल. तोच घाम कपाळावरून ओघळून जमिनीवर पडला तर शरीराला त्याचा कांहींच लाभ नाहीं. पाणी गेलें, मीठ गेलें, आणि उष्णता जागच्या जागीं!

सुकण्यासाठीं हवेंत जागा पाहिजे. तापमापकाच्या फुग्याला ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घातला असतां पारा खालीं उतरतो. त्यास ‘आर्द्र तापमान’ म्हणतात, आणि घाम शरीराला कोठवर थंड करूं शकेल ह्याचें तें माप आहे. ४५ अंशांची पण अवघी दहा टक्के आर्द्रता असलेली हवा घेतली तर हें आर्द्र तापमान २१ अंशांच्या आसपास येतें. ३८ अंशांची आणि पन्नास टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तें २९ अंशांवर जातें. म्हणजे साध्या तापमापकांत जी हवा सात अंशांनीं सौम्य दिसते, तीच शरीराच्या हिशेबानें आठ अंशांनीं अधिक कठीण! हें आर्द्र तापमान ३५ अंशांवर गेल्यास सावलींत स्वस्थ बसलेला धडधाकट मनुष्यसुद्धां कांहीं तासांपलीकडे तग धरणार नाहीं, असा सिद्धान्त २०१० सालीं मांडला गेला. पुढें २०२२ सालीं पेनसिल्व्हेनियांतील संशोधकांनीं तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले, तेव्हां दमट हवेंत शरीराचा तोल ३१ अंशांच्या सुमारासच ढळूं लागतो असें आढळलें. वृद्धांची, हृदयरोग्यांची मर्यादा ह्याहूनही खालीं असणार हें उघड आहे. शिवाय ह्या आंकड्यांत डोक्यावर तळपणारें ऊन धरलेलेंच नाहीं.

वाळ्याचे पडदे आणि पाणी शिंपडणारे कूलर नागपूर-चंद्रपुराकडे घर गार करतात, आणि तोच कूलर हौसेनें खांदा कॉलनींत आणला तर खोलींत नुसती घुसमट वाढते, ह्याचें कारणही हेंच.

ह्याचा अर्थ वाळवंटाचा उन्हाळा सुखाचा, असा मात्र घेऊं नये. वाळवंटावर उंचावरची हवा खालीं उतरत असते, आणि दर किलोमीटरास ती सुमारें दहा अंशांनीं तापते. जमिनींत ओल नसल्यामुळें सूर्याची उष्णता पाण्याची वाफ करण्यांत खर्च होत नाहीं. ती सगळी माती आणि हवा तापविण्यांत जाते. तेथें घाम येतो तो दिसतच नाहीं, फुटतांच उडून जातो. म्हणून आपल्या अंगांतून तासाला लिटरभर पाणी जात आहे हें काम करणाऱ्याला कळत नाहीं. पारा चाळिशीच्या पुष्कळ पलीकडे गेला कीं पंख्याचा वाराही भट्टीच्या भात्यासारखा होतो. वाळवंटाची एकच कृपा, ती म्हणजे रात्र. निरभ्र आकाशाखालीं वाळू भराभर निवते. लाट आठ-आठ, दहा-दहा दिवस रेंगाळून ही रात्रही तापूं लागली, म्हणजे थकलेल्या शरीराला सावरण्यास अवधि मिळत नाहीं, आणि मृत्यूंची संख्या चढूं लागते.

कोंकणाला ही रात्रीची कृपा मुळांतच कमी. दमट हवा जमिनीची उष्णता वर जाऊं देत नाहीं, आणि सिमेंटच्या इमारती दिवसभर प्यालेलें ऊन मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतात. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांना हें सांगावयास नको; त्यांच्या नळाला रात्रीं आठ वाजतांही कढत पाणी येतें.

किनाऱ्याचें खरें संरक्षण म्हणजे समुद्रावरून येणारा वारा. तो बहुधा दुपारपूर्वीं सुटतो. परंतु मार्च-एप्रिलमध्यें केव्हां केव्हां पूर्वेकडचा तापलेला वारा घाट उतरून येतो, समुद्राच्या वाऱ्याला अडवून धरतो, आणि मग पारा एकाएकीं उसळतो. सांताक्रूझ येथें २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंशांची नोंद झाली. रायगड जिल्ह्यांतीलच भिरा येथें २८ मार्च २०१७ रोजीं ४६.५ अंशांची. म्हणूनच हवामान खातें मैदानी प्रदेशांत चाळीस अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतें, परंतु किनाऱ्यावर ३७ अंश झाले आणि तें तापमान नेहमीपेक्षां साडेचार अंशांनीं अधिक असलें, तर तेवढ्यावरही लाट धरतें.

खिशांत कांदा ठेवून उष्माघात टळतो असें मानणारे अजून पुष्कळ आहेत. तोच कांदा भाकरीबरोबर खाल्ला तर निदान तोंडाला चव येईल. कैरीचें पन्हें, मीठ घातलेलें ताक, कोकमाचें सरबत ह्यांत मात्र अर्थ आहे, कारण गेलेलें पाणी आणि मीठ दोन्ही त्यांतून परत मिळतात. शरीराला उन्हाची संवय होण्यास एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाची पहिली लाट अधिक घातक ठरते. मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या खाऊं लागला, अंग चटका बसेल इतकें तापलें, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही. त्याला सावलींत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावें, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत पाणी मुळींच घालूं नये.

खारघरच्या दुर्घटनेनंतर थोड्याच दिवसांत राज्य सरकारनें, उन्हाचा ताप ओसरेपर्यंत दुपारीं बारा ते पांच ह्या वेळांत मोकळ्या मैदानांतील समारंभांना मनाई केली. पनवेलचा उन्हाळा किती कडक ह्याचें उत्तर पारा पाहून मिळत नाहीं, ही गोष्ट त्या हुकुमांत कागदावर आली. तोंवर चौदा घरांत सुतक पडलें होतें.