लॅपटॉप तापून अडकतोय? 'ग्राफिक्स कार्ड गेलं' म्हणण्याआधी हे तपासा



एप्रिल-मे म्हणजे पारनेर तालुक्यात लग्नसराई. त्यात चैत्रात निघोजच्या मळगंगा देवीची यात्रा आणि गावोगावच्या जत्रा. फ्लेक्सचं डिझाइन, पत्रिका, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग असा ज्यांचा धंदा आहे, त्यांचे हेच कमाईचे दिवस. आणि नेमका याच दिवसांत पत्र्याच्या गाळ्यातला लॅपटॉप अडकतो. चित्र जागच्या जागी थांबतं, माउस हलत नाही, पंखा मात्र घरघरत असतो. मग कोणीतरी सांगतं, "ग्राफिक्स कार्ड गेलं, आता नवीनच घ्या." गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स घेतलेला असतो, तारीख दिलेली असते, त्यामुळे निर्णय घाईत होतो. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

उन्हाळ्यातच का?

ग्राफिक्स चिपची उष्णता आधी थर्मल पेस्टमधून तांब्याच्या नळीत जाते, तिथून बारीक जाळीत, आणि पंखा ती बाहेर फेकतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप याच एका नळीवर बसवलेले असतात. म्हणजे एक तापला की दुसराही तापतो.

आता साधा हिशोब बघा. पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोली २८ अंशांवर असताना चिप ७५ वर राहत असेल, तर तेवढ्याच कामाला ४१ अंशांच्या गाळ्यात ती साधारण ८८ वर जाणार. लॅपटॉप तोच, काम तेच, फक्त हवा बदलली! अनेक कंपन्या वापरासाठी खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशच देतात. त्यात जाळीत धूळ बसली असेल तर विचारायलाच नको.

तापल्यावर चिप आधी स्वतःचा वेग कमी करते. तरीही भागलं नाही तर चित्र अडकतं, आणि शेवटी लॅपटॉप फटकन बंद होतो.

पायरी १ : आधी डेटा वाचवा

लॅपटॉप चालू होतोय तोपर्यंत चालू कामाच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. लॅपटॉप दुसरा मिळेल, कोणाच्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्यांदा होणार नाही.

पायरी २ : दुखणं उष्णतेचंच आहे का?

सकाळी थंड असताना नीट चालतो, व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की पंधरा-वीस मिनिटांत अडकतो, अर्धा तास बंद ठेवला की पुन्हा चालतो? मग संशय उष्णतेवर. सुरू केल्या केल्या, काहीही काम नसताना अडकत असेल, तर हार्ड डिस्क, रॅम किंवा ड्रायव्हर तपासा.

नुसत्या अंदाजावर जाऊ नका, मोजा. विंडोज १० च्या २०२० नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११ मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू' निवडा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर तिथे तापमान दिसतं. एक्स्पोर्ट लावून दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा. भर कामात ८० च्या आसपास आकडा असेल तर घाबरायचं कारण नाही. ९० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल आणि त्याच वेळी लॅपटॉप अडकत असेल, तर चोर सापडला.

पायरी ३ : बिनपैशांचे उपाय

- लॅपटॉप गादीवर, मांडीवर, टेबलक्लॉथवर नको. कडक टेबलावर ठेवा आणि मागची बाजू थोडी उचलून घ्या.
- एक्स्पोर्ट पहाटे किंवा रात्री लावा.
- कूलरचा थेट झोत लॅपटॉपवर नको, पाण्याचे तुषार आत जातात.
- पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो वेग बंद होतो. काम थोडं सावकाश होतं, पण तापणं बरंच कमी होतं. काही मॉडेलमध्ये हा पर्याय दिसत नाही.

पायरी ४ : सफाई

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मऊ ब्रशने जाळी झाडा, ब्लोअरने थोडी थोडी हवा मारा. पंख्याची पाती काडीने अडवून धरा, हवेच्या जोरावर गरागरा फिरली तर पंखा बिघडू शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या स्थिर विजेने आतले भाग बिघडू शकतात.

लॅपटॉप तीन-चार वर्षांचा असेल तर थर्मल पेस्ट सुकलेली असू शकते. ती जाणकाराकडूनच बदलून घ्या, आणि वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. टचपॅड वर आलेला किंवा तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. मग वापर आणि चार्जिंग तिथेच थांबवा.

पायरी ५ : तरीही अडकतोय?

मग चिपच खराब झालेली असू शकते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच जोडलेली असते, त्यामुळे 'कार्ड बदलून देतो' हे वाटतं तितकं सोपं नसतं. 'चिप गरम करून चालू करून देतो' असं कोणी म्हटलं तर किती दिवसांची गॅरंटी ते विचारा, आणि ती बिलावर लिहून घ्या. ही मलमपट्टी बहुधा फार टिकत नाही.

का टिकत नाही, याचं मोठं उदाहरण आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिप्सच्या बिघाडापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिपच्या जोडणीतलं साहित्य कमकुवत होतं. सतत तापणं आणि थंड होणं त्याला सोसलं नाही. डेल आणि एचपीने तेव्हा पंखा जास्त वेळ फिरेल असे अपडेट दिले. पण ज्या चिप्स आतून तडकल्या होत्या, त्या अपडेटने जोडल्या गेल्या नाहीत. आपल्यासाठी धडा एवढाच, की उष्णता आधी रोखायची असते.

आता धंद्याचा हिशोब

समजा तुमची रोजची निव्वळ कमाई १,२०० रुपये आहे आणि भर सीझनमध्ये लॅपटॉप चार दिवस बंद राहिला. ४,८०० रुपये तर गेलेच, वर तारीख चुकल्यामुळे तुटलेलं गिऱ्हाईक वेगळं. आता जवळच्या दुकानात सफाई आणि पेस्टचा दर विचारा आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. निर्णय आपोआप होईल.

दसऱ्याला आपण मशीनला हळदीकुंकू वाहतो, झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी जाळीही साफ करायची. दुसरी सफाई होळीच्या आधी, म्हणजे ऊन चढायच्या आत. या दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहा, आणि आज दुकान बंद करण्याआधी एकदा तापमानाचा आकडा बघून वहीत टिपून ठेवा.