वर्ध्याचा सातबारा : हस्तलिखितापासून डिजिटल सहीपर्यंत

वर्धा शहराला लागून असलेली नालवाडी बाहेरच्यांना ठाऊक आहे ती 1930च्या दशकात विनोबा तिथे राहिले म्हणून. आता तिथल्या शेतांचे लेआउट पडले आहेत, आणि प्लॉट विकला की पटवाऱ्याकडे फेरफार आलाच. जुने सॉफ्टवेअर बदलताना कामाची रीत कशी बदलावी लागते, हे अशा गावाच्या सातबाऱ्यावरून चांगले कळते. शिवाय महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या संगणकीकरणाची सुरुवातच या जिल्ह्यात झाली. 1988-89 मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांचे संगणकीकरण देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून हाती घेतले. त्यात महाराष्ट्रातून निवड झाली ती वर्ध्याची.

पुढे संगणक तालुक्याला आला, पण कामाची रीत होती तशीच राहिली. पटवारी सातबारा हातानेच लिहीत होता आणि संगणकात त्याची नक्कल उतरवली जात होती. एका गटाचे दोन सातबारे झाले आणि दोहोंत मेळ राहिला नाही. एकीकडे ‘मारोती’, दुसरीकडे ‘मारुती’, म्हणून एकाच माणसाची दोन खाती. हिश्श्यांची बेरीज केली तर एकूण क्षेत्राशी जुळायची नाही. प्रत्येक तालुक्याचा डेटा वेगळा आणि अक्षरेही जुन्या फॉन्टमधली. पण मला खरी अडचण वेगळीच वाटते. ज्याला बांध न् बांध माहीत, त्या पटवाऱ्याला संगणकातला सातबारा आपला वाटतच नव्हता. चूक निघाली की तो संगणकाकडे बोट दाखवायचा.

ई-फेरफारने नेमके इथे हात घातला. पुण्यातल्या एनआयसीने जमाबंदी आयुक्तांसाठी ही प्रणाली बांधली. खरेदीखत नोंदले की त्याची माहिती दुय्यम निबंधकाकडून थेट पटवाऱ्याच्या लॉगिनला येते, फेरफाराचा क्रमांक प्रणाली देते. नोटिशीनंतरची पंधरा दिवसांची हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे, हे महसूल संहितेच्या कलम 150 मधले टप्पे तसेच ठेवले. कायदा जुना, रीत नवी. हा निर्णय शहाणपणाचा होता, कारण शिकायचे ते फक्त यंत्र होते. ई-फेरफारचे तेव्हाचे राज्य समन्वयक रामदास जगताप यांनी पटवाऱ्यांसाठी साध्या मराठीत सूचना लिहिल्या. वरून आलेल्या परिपत्रकापेक्षा अडलेल्या माणसाला असे लेखन जास्त उपयोगी पडते.

सगळ्यांत मोलाचे काम 2017च्या उन्हाळ्यात झाले. गावोगाव चावडी वाचन लागले. संगणकातला सातबारा खातेदारांसमोर मोठ्याने वाचायचा, चूक सापडली की टिपायची आणि कलम 155 खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्त करायची. कोणत्याही सॉफ्टवेअरची याहून कडक तपासणी मला माहीत नाही. बापाचे नाव चुकले की लेक जागेवरच उठून सांगणार! त्या पायावर 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आता सही पटवाऱ्याची, म्हणून चुकीबद्दल जबाबदारही तोच.

या जबाबदारीची किंमत पटवाऱ्याने मोजली, हेही लिहायला हवे. सर्व्हर मंद झाला की रात्री जागायचे, आणि दिवसा दारात उभ्या शेतकऱ्याची बोलणी खायची. या सुधारणेचे श्रेय वाटताना साझ्यावरच्या या माणसाचे नाव बहुतेक वेळा राहून जाते, आणि ते मला खटकते.

2021च्या 15 ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये पीक नोंदण्याचे काम त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती आले. शेतात उभे राहून कपाशीचा किंवा तुरीचा फोटो तो स्वतः काढतो. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याची नोंद अजून दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून आहे. पुढची दुरुस्ती तिथे व्हायला हवी.